सव्वाशे माणसं आणि एक कान

आमच्या घरी जिन्याखाली एक कपाट आहे. इथे आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात, आणि कॉर्कमध्ये आठ वर्षं काढल्यावर मीही तेच म्हणते. त्या प्रेसमध्ये व्हॅक्यूम क्लीनर, चिखलाचे बूट, तांदळाची मोठी पिशवी आणि माझं प्रक्षेपण केंद्र आहे. केंद्र म्हणजे जावयाने टाकून द्यायला काढलेला जुना, अवजड संगणक, दोन स्क्रीन, एक स्टूल, हेडफोन आणि मी. इथे बसून गेली सहा वर्षं मी आसपासच्या मराठी माणसांची बारशी, डोहाळजेवणं, मुंजी आणि सत्यनारायण थेट दाखवते आहे. एक साखरपुडाही दाखवला होता. तो पुढे मोडला, पण त्यात माझ्या वायरिंगचा दोष नव्हता.

मूळची मी नाशिकच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. सत्तावीस वर्षं मुलांनी तोडलेल्या वायरी जोडल्या. निवृत्त झाले, यजमान गेले, आणि लेकीने, मंजिरीने, मला इकडे आणलं. दोन वर्षं मी चांगल्या आजीसारखी खिडकीत बसून बाहेरचा पाऊस पाहिला. मग कंटाळले. जावई तो संगणक भंगारात द्यायला निघाला होता. तो मी दारातूनच परत फिरवला.

या धंद्यात मी आले तेव्हा फार तरुण होते आणि तितकीच बावळट. तरुण म्हणजे बासष्टची.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कॅमेऱ्याचं चित्र आणि माइकचा आवाज वायरीने संगणकात येतात. संगणक ते एकत्र मळतो, त्याच्या बारीक बारीक पुड्या बांधतो आणि इंटरनेटवरून एका मोठ्या कंपनीच्या यंत्रांकडे पाठवतो. तिथून ज्याच्याकडे लिंक आहे त्याला ते दिसतं. इंटरनेट विकणारा माणूस आपल्याला खाली येणाऱ्या वेगाच्या बढाया सांगतो. आम्हाला लागतो वर जाणारा वेग, आणि तो नेमका कमी असतो. नळाला पाणी धो धो, पण मोरीचं तोंड बारीक, असा हा प्रकार. आणि दुसरी गोष्ट म्हणजे उशीर. इथे मी हात हलवला की नाशकात तो वीस-पंचवीस सेकंदांनी हलतो. लाइव्ह म्हणतात ते इतकंच लाइव्ह.

हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, कारण त्या वयात मला सगळं येत होतं. चैत्रातलं हळदीकुंकू नाशकातल्या बहिणीला दाखवायचं ठरवलं. सगळं जोडलं, कॅमेऱ्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "ऐकू येतंय का?" तीन सेकंद थांबले. उत्तर नाही. म्हणजे आवाज जात नसणार, असं समजून प्रेसमध्ये धावले आणि दोन बटणं फिरवली. तोवर बहिणीने लिहिलं, येतंय की. ते मी वाचेपर्यंत माझ्याच बटणांनी आवाज गेला होता, म्हणून तिने लिहिलं, आता नाही येत. तेव्हा मी पुन्हा आवाज सुरू केलेला. अशा आम्ही दोघी एकमेकींच्या मागे वीस सेकंदांच्या अंतराने चाळीस मिनिटं धावलो. हळदीकुंकू संपलं, बायका डाळ-पन्हं घेऊन गेल्या, आणि नाशकातल्या घराने पाहिलं ते फक्त माझं पाठमोरं लुगडं, प्रेसमध्ये शिरताना आणि बाहेर येताना.

माझी गुरू मला धुरातून मिळाली. एका सत्यनारायणाला गुरुजींनी धूप जरा सढळ हाताने घातला आणि छतावरची धुराची घंटा कोकलायला लागली. सोलापूरच्या एका आजोबांनी लिहिलं, घंटानाद सुंदर, आरतीचा वेग थोडा वाढवा. तेवढ्यात समोरच्या घरातली ब्रीडा आग लागली समजून पाण्याची बादली घेऊन आली. ती चौऱ्याहत्तर वर्षांची, बादली भरलेली. आग कुठेच दिसेना तेव्हा तिने प्रेसमध्ये डोकावून पाहिलं, आणि बादली खाली ठेवून माझ्या स्टुलावर बसली.

इथल्या चर्चमध्ये कॅमेरे असतात. कुणी गेलं की त्याचा अंत्यविधी ऑस्ट्रेलियातली, अमेरिकेतली मुलं-नातवंडं घरून बघतात. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. आमच्या वस्तीतल्या चर्चचा तो कॅमेरा ब्रीडा सांभाळते. तिने मला शिकवलं की चित्र डळमळलं तर लोक चालवून घेतात, आवाज तुटला तर उठून जातात. आणि कार्यक्रम संपला की सगळ्यात आधी माइक बंद करायचा. एकदा तिच्याकडून तो चालू राहिला होता. मागच्या खोलीत युअर मॅन, म्हणजे फादर, मयताच्या भावाच्या गाण्याविषयी आपलं मत मांडत होते. ते साऱ्या गावाने ऐकलं. त्या भावानेही.

ब्रीडाने मला तंत्र दिलं, पण माझी हौस ती थांबवू शकली नाही. दुसऱ्या वर्षी मी तीन कॅमेरे केले. एका गृहस्थांची साठीशांती होती. मी प्रेसमध्ये बसून कॅमेरे बदलत होते: आता कलश, आता रांगोळी, आता वरून सगळा दिवाणखाना, आता समईची ज्योत अगदी जवळून. स्वतःवर इतकी खूश होते की मधेच मंजिरीला बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांच्या आईंचा सांगलीहून फोन आला. पंच्याऐंशीच्या पुढच्या. फार छान दाखवलंत म्हणाल्या. मग विचारलं, "आमचा अनंता बरा आहे ना हो? वाळलाय का? मला नीट दिसला नाही." दोन तास मी साठीशांती दाखवली आणि ज्याची साठी होती त्याचा चेहरा सलग अर्धं मिनिट दाखवला नाही. त्या आजी पुढच्या वर्षी गेल्या. ते माझ्याकडून राहिलं ते राहिलंच.

आता बारशाचं सांगते, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

निखिल नागपूरचा, इथल्या औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर. बायको केतकी पुण्याची. त्यांना मुलगी झाली. निखिलची आई तो नववीत असताना गेली, आणि त्याला वाढवलं त्याच्या थोरल्या बहिणीने, वैशालीताईंनी. डबे, अभ्यास, मार, लाड, सगळं त्यांचंच. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो. आत्या पाळण्यात वाकते, कानाशी कुर्र करते, नाव सांगते, आणि बाकीच्या बायका तेवढ्या वेळात तिच्या पाठीत धपाटे घालतात. निखिल-केतकीने एक पाऊल पुढे जाऊन नाव ठरवायचंही वैशालीताईंवरच सोपवलं होतं. त्यांनी ते ठरवलं आणि कुणालाही सांगितलं नाही. आधी कानात, मग जगात, असं त्यांचं म्हणणं.

विमानाचं तिकीट निघालं, व्हिसा आला, आणि निघायच्या आठ दिवस आधी वैशालीताई जिन्यावरून घसरल्या. पाय प्लास्टरमध्ये. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं.

निखिल माझ्याकडे आला. मी म्हटलं, त्यात काय, मी आहे ना. बासष्टची शालिनी अडुसष्टव्या वर्षीही माझ्यात शिल्लक आहे, हे त्या वाक्याने सिद्ध झालं. थेट प्रक्षेपणातून वैशालीताई नाव सांगू शकत नव्हत्या, कारण ते एकाच दिशेने जातं, शिवाय उशिरा. म्हणून दोन गोष्टी एकदम चालवायच्या ठरल्या. सगळ्या नातेवाइकांसाठी नेहमीचं प्रक्षेपण. आणि आत्यासाठी निखिलच्या फोनवर वेगळा व्हिडिओ कॉल, तो फोन पाळण्यात बाळाच्या कानाशी ठेवायचा. माझा संगणक हलवता येत नाही, म्हणून नेहमीप्रमाणे बारसंच आमच्याकडे हललं.

दोन दिवस आधी वादळ आलं. गल्लीच्या तोंडाशी झाड पडलं आणि इंटरनेटची तार तुटली. कंपनीचा माणूस आला, तुटक्या तारेकडे प्रेमाने पाहिलं, पुढच्या आठवड्यात करतो म्हणाला, आणि तोवर सगळं ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत ठीकठाक, असेल अशी खात्री देऊन गेला. माझ्याकडे अडीअडचणीसाठी सिमकार्डवर चालणारी एक डबी होती. पण आमचं घर खोलगट जागी. मोबाईलची रेंज येते ती फक्त वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात, खिडकीपाशी. तेव्हा डबी साबणाशेजारी ठेवली, तिला लांब वायर लावली, ती जिन्याच्या पायरीपायरीला चिकटपट्टीने चिकटवत खाली प्रेसपर्यंत आणली. मोरीचं तोंड आता अगदी करंगळीएवढं झालं होतं. तरी मी तपासून पाहिलं. प्रक्षेपण आणि कॉल दोन्ही जेमतेम चालत होते.

तपासलं ते रिकाम्या घरात. इथे मी चुकले, आणि ती चूक फक्त आपल्याच माणसांकडून होऊ शकते. आलेल्या पाहुण्याला पाणी, चहा आणि वायफायचा पासवर्ड देणे हा मी गृहिणीचा धर्म मानते. फ्रिजवर मी स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत पासवर्ड लिहून लावला होता, शेजारी फूल काढून. बारशाला चाळीस माणसं आली. त्यातल्या निम्म्यांनी आमच्याच दिवाणखान्यात बसून आमचंच प्रक्षेपण फोनवर उघडलं, आपण कसे दिसतो ते बघायला. उरलेल्यांनी आपापल्या आईला व्हिडिओ कॉल लावून पाळण्याची फुलं दाखवायला घेतली.

केतकीच्या आई, मंदाताई, बाळंतपणासाठी पुण्याहून आलेल्या. मुहूर्त त्यांनी कॉर्कच्या सूर्योदयावरून मांडून घेतला होता, तो अकरा बावन्नला संपत होता. साडेअकराला प्रक्षेपण उत्तम चाललेलं, सव्वाशे माणसं बघत होती. इतकी माझ्याकडे आधी कधीच नव्हती. तो आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतो, आणि मी कबूल करते, माझं अर्धं लक्ष त्याच्यावरच होतं. पाळण्याच्या वरून-खालून बाळ द्यायचं-घ्यायचं झालं. निखिलने कॉल लावला. वैशालीताईंचा चेहरा आला, हिरवी पैठणी, नाकात नथ, आणि तोंड उघडं असतानाच चित्र गोठलं.

पुन्हा लावला. पुन्हा गोठलं. तुटक तुटक आवाज आला, "काकू... मी बोलून राहिली... तुम्ही ऐकून राहिल्या का?"

मी प्रेसमधून बाहेर येऊन सगळ्यांना फोन बंद करायला सांगितलं. माना डोलल्या, काही फोन खिशात गेले, चालू स्थितीत. मी प्रक्षेपणाचं चित्र निम्म्या दर्जावर आणलं. मग त्याच्याही निम्म्यावर. बारसं आता भरतकामाच्या नमुन्यासारखं चौकटीचौकटीचं दिसायला लागलं, तरी कॉल काही उघडेना. अकरा चव्वेचाळीस.

"अहो शालूताई," मंदाताई दिवाणखान्यातून म्हणाल्या, "आणखी किती वेळ? मी सांगते कानात. आजी आहे मी तिची. माझ्याकडे एक नाव तयार आहे."

"आई, नाव ताईंनी ठरवलंय," केतकी म्हणाली.

"मग त्या ताईंचा आवाज न्हाणीघरात येतोय म्हणतात. पाळणा वर न्यायचा का? बाळाचं नाव बादलीशेजारी ठेवू."

बायका हसल्या. निखिल हसला नाही. तो प्रेसच्या दारात येऊन खाली बसला, म्हणजे त्याचं तोंड माझ्या कानाशी आलं. अगदी हळू म्हणाला, "शालूकाकू, होईल ना? ती सकाळपासून तयार होऊन बसलीय तिकडे. शेजारच्या बायका धपाटे घालायला आल्यात."

मी हो म्हणाले आणि काय करायचं ते मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं. एकच गोष्ट उरली होती. पण सहा वर्षांत मी चालू प्रक्षेपण मधेच कधी बंद केलं नव्हतं. धुराची घंटा वाजत असताना नाही, एका मुंजीत मुंजाच पळून गेला तेव्हाही नाही. तो माझा एकमेव अभिमान होता, आणि त्या दिवशी त्याच्याकडे सव्वाशे माणसं बघत होती. निखिलचे मामा, काका, केतकीचे आजोबा. ते नाव ऐकायलाच तर जमले होते.

ब्रीडा प्रेसच्या दाराशी तांदळाच्या पिशवीवर चहा घेऊन बसली होती. तिला मराठीचा एक शब्द कळत नाही. पण माझं बोट त्या बटणाच्या आसपास फिरताना तिने पाहिलं असणार. काय झालं विचारलं. मी दोन वाक्यांत सांगितलं.

"हे कुणासाठी चाललंय, लव्ह?" ती म्हणाली.

"बाळासाठी. तिच्या कानात सांगायचंय."

"मग बाकीचे त्या कानात काय करतायत?"

मी बटण दाबलं. संगणकाने विचारलं, नक्की बंद करू? मी पुन्हा दाबलं. कोपऱ्यातले सव्वाशे गेले, तिथे एक शून्य आलं.

दिवाणखान्यात कुणाला काही कळायच्या आत फोनवर वैशालीताई आल्या, इतक्या स्वच्छ की नथीतले मोती मोजता यावेत. निखिल धावला. घडी केलेल्या दुपट्यावर फोन बाळाच्या कानाशी ठेवला, आवाज अगदी कमी केला आणि स्वतः मागे सरकला. मीही प्रेसमधून बाहेर येऊन उभी राहिले. अकरा सेहेचाळीस झाले होते.

आधी बारीकसं कुर्र ऐकू आलं. मग नागपुरात बसलेले धपाटे, धप धप. ते थांबले. त्यानंतर फक्त पुटपुटणं, इतकं हलकं की पाळण्याच्या दांडीला हात लावून उभ्या असलेल्या केतकीलाही शब्द कळत नव्हते. नाव सांगायला दोन सेकंद लागतात. आम्ही वाट पाहत राहिलो. मंदाताईंनी घड्याळ पाहिलं, तोंड उघडलं, आणि बाळाकडे पाहून मिटलं. इतका वेळ हातपाय झाडणारी ती पोर डोळे वर लावून गप्प ऐकत होती. पूर्ण चार मिनिटं. मग फोनमधून मोठ्याने आवाज आला, "झालं."

अकरा पन्नास. मुहूर्ताची दोन मिनिटं शिल्लक.

मी प्रेसमध्ये शिरले ती जवळजवळ उडी मारूनच. पाहुण्यांचे फोन आता खरोखरच बंद होते, त्यामुळे प्रक्षेपण आणि कॉल दोन्ही पुन्हा जेमतेम चालले. नवी लिंक केली, सगळ्यांना पाठवली. ऐंशी माणसं परत आली, उरलेली फोनवरून भांडायला गेली. वैशालीताईंना आता दिवाणखान्यातल्या माइकजवळ धरलं आणि त्यांनी सर्वांसाठी नाव जाहीर केलं: रेवा. आमच्याकडे टाळ्या वाजून, पेढे वाटायला घेऊन झाल्यावर नागपूर-पुण्याहून शाबासक्या यायला लागल्या. मंदाताई म्हणाल्या, छान आहे, माझ्या डोक्यात होतं त्यापेक्षा लहान आहे. त्यांच्याकडून ही मोठी पावती. ब्रीडा डोळे पुसत होती आणि मला सांगत होती की तिला काही झालेलं नाही, ती ग्रँड आहे.

दुपारी मामांचा फोन आला. दीड तास फुलं दाखवलीत, आणि मुख्य त्याच वेळी पडदा काळा, असं कसं काम करता म्हणाले. मी ऐकून घेतलं. बाई, तुम्ही हौशी आहात हेच खरं, असंही म्हणाले. तेही ऐकून घेतलं. एरवी मी त्यांना वायरींची नावं सांगून गप्प केलं असतं, पण त्या दिवशी मी इतकी खुशीत होते की मामांना पेढे पाठवायचा पत्ता विचारला.

चहाच्या वेळेला वैशालीताईंनी फोन केला. त्या आभार मानतील असं मला वाटलं होतं. त्यांनी वेगळंच विचारलं.

"काकू, मी बोलली ते कुठे साठून तर नाही ना राहिलं? तुमच्या मशीनमध्ये वगैरे?"

मी सांगितलं की माझं रेकॉर्डिंग त्याच बटणाला बांधलेलं असतं. प्रक्षेपण बंद, तर तेही बंद. ती चार मिनिटं कुठेही नाहीत.

"पक्कं?"

"पक्कं. हवी असतील तर माफ करा, देता येणार नाहीत."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "नको नको. राहिलं नाही तेच बरं झालं," म्हणाल्या, आणि पायाचं प्लास्टर कधी निघणार यावर बोलायला लागल्या.

दोन दिवसांनी निखिल पाळणा न्यायला आला. पाळणा सुटा करता करता, स्क्रू तोंडात धरून, त्याने मला विचारलं की काकू, तुमचे ते हेडफोन असतात, तुम्हाला काही ऐकू आलं असेल ना. ताई काय बोलली तिच्याशी इतका वेळ? मी विचारलं तर सांगत नाही.

मी म्हटलं, मला काहीही ऐकू आलं नाही, आणि हे अगदी खरं आहे.

"मग मला कळणार कसं?"

"रेवाला विचार," मी म्हटलं. "बोलायला लागू दे आधी."